आत्याचे उन्हातले वेफर्स आणि त्यात आपली चव: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मार्च लागला की मंचरहून आत्याचा फोन ठरलेला. "बटाटा उतरला का गं तिकडे?" म्हणजे भाव उतरला का. उतरला असेल तर लगेच दुसरा प्रश्न, "किती किलो घेतलास?"

हे वेफर्स म्हणजे दुकानातल्या पाकिटातले नाहीत, बरं का. काप करून, उकळून, उन्हात कडकडीत वाळवलेले, वर्षभर डब्यात राहणारे आणि उपासाच्या दिवशी काही सेकंदात तळून ताटात येणारे. आत्या ते तिच्या सासूबाईंकडून शिकली, मी आत्याकडून. आता सात-आठ वर्षं मी ते ठाण्याच्या फ्लॅटमध्ये करतेय, जिथे गच्चीला कुलूप असतं, बाल्कनी चार बाय सहाची आहे आणि घरातल्या पोरांना सगळ्यावर पेरीपेरी हवं असतं. त्यामुळे बदल करावे लागलेच. त्यातलं जे जमलं आणि टिकलं ते इथे लिहितेय, ज्यांनी हे वेफर्स आयुष्यभर खाल्लेत पण स्वतः कधी केले नाहीत त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेक जण चुकतात आणि मीही चुकले होते. या रेसिपीत आपली चव घालायला जागा दोनच आहेत. एक म्हणजे काप ज्या पाण्यात उकळतो ते पाणी, आणि दुसरी म्हणजे तळून काढल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट. बाकी सगळं आत्या करते तसंच ठेवायचं. एका वर्षी मी वाळत घातलेल्या ओल्या कापांवर तिखट-मसाला भुरभुरवला, म्हटलं छान चिकटून बसेल, तर तो उन्हात काळपट झाला आणि तळताना सुटून तेलात जळला, तेल कडू आणि वेफर्सही कडू. दोन किलोची मेहनत वाया गेली.

बटाटा

इथे घाई करू नका, निम्मं यश इथेच आहे. बटाटा पक्व हवा. अंगठ्याने साल घासून बघा, सहज सोलून आली तर तो कोवळा आहे, भाजीला छान, वेफर्सला नको. साल घट्ट पाहिजे, बटाटा हातात जड लागला पाहिजे आणि मधोमध कापून दोन फोडी एकमेकींवर घासल्या की पांढरा फेस येऊन त्या चिकटल्यासारख्या झाल्या पाहिजेत. फेस म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च जास्त म्हणजे वेफर्स हलके, कुरकुरीत.

कोल्ड स्टोरेजमधला बटाटा शक्यतो टाळा. चार-पाच डिग्रीच्या थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची हळूहळू साखर होत जाते आणि तीच साखर तळताना लाल-तपकिरी होते. बटाटा वरून सुंदर दिसतो आणि वेफर्स मात्र डाग पडल्यासारखे, किंचित कडसर. होळीच्या आसपास करायचे म्हणतात ते उगाच नाही, तेव्हा रब्बीचा ताजा पक्व माल बाजारात असतो, ऊन कडक असतं आणि वळिवाचा पाऊस अजून लांब असतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास चिप्ससाठी साखर कमी असलेल्या जाती काढल्यात, कुफरी चिप्सोना त्यातलीच. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जातीचं नाव घेऊन उपयोग नाही, पण मोठ्या मंडईत "वेफर्सचा बटाटा द्या" म्हटलं की बरोबर कळतं. हिरवट झालेला किंवा कोंब आलेला अजिबात नको.

किती घ्यायचे? आत्या १५ किलो करते. तुम्ही २ किलोच घ्या, खरंच. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे साल वगैरे जाऊन २ किलोचे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वाळलेले वेफर्स होतात. कमी वाटतं, पण तळल्यावर ते फुलतात, परात भरून जाते.

काप, धुणं आणि रात्रभर पाणी

वेफर्सची किसणी मिळते, तिची पाती धारदार पाहिजे एवढंच. काप साधारण नाण्याइतका जाड, दीड मिलिमीटर धरा. फार पातळ केले तर उकळताना तुटतात आणि वाळून कापडाला चिकटतात, जाड केले तर मधे कच्चे आणि तळल्यावर दगड. जाळीचे हवे असतील तर नागमोडी पातीची किसणी घ्यायची आणि प्रत्येक वेळी बटाटा हातात पाव वळसा फिरवून किसायचा, पहिले आठ-दहा बिघडतात, मग हात बसतो. शेवटचा तुकडा किसायला जाऊ नका, बोटं जातात, तो भाजीत टाका.

बटाटे सोलले की पाण्यात, काप केले की थेट पाण्यात, हवेत एक मिनिटही ठेवायचे नाहीत, नाहीतर काळे पडतात. मग तीन-चार पाण्यांतून धुवायचे, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पहिलं पाणी फेकू नका हं! पातेल्यात तासभर तसंच ठेवा, तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व बसतं, वरचं पाणी ओतून ते ताटलीत वाळवा. उपासाच्या थालीपिठात किंवा कटलेटमध्ये बांधणीला इतकं छान लागतं की मी आता वेफर्सइतकीच त्याची वाट बघते.

धुतलेले काप रात्रभर पाण्यात ठेवायचे. आत्या या पाण्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा गोल फिरवून काढून घेते, त्याने काप पांढरे राहतात आणि उकळताना तुटत नाहीत. मी तुरटी सोडलीय. त्याऐवजी सकाळी उकळायच्या पाण्यात लिंबू पिळते, ३ लिटरला एक मोठं लिंबू. आंबटपणाने बटाटा लवकर मऊ पडत नाही, काप आकार धरून राहतात आणि रंगही स्वच्छ येतो. चव आंबट होत नाही, पण दोन-तीन लिंबं पिळलीत तर होईल, आणि काप शिजायलाही फार वेळ घेतील. उन्हाळा फारच कडक असेल तर रात्रीचं भांडं फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर पाणी आंबूस होतं कधीकधी.

उकळतं पाणी: बदलाची पहिली जागा

मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी खळखळ उकळू द्या. आता मीठ, आणि हे नीट वाचा. पाणी चाखलं तर मीठ जेमतेम जाणवलं पाहिजे, आमटीच्या निम्म्याहून कमी. कारण वाळताना पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणजे उकळलेल्या कापात जेवढं खारट लागतं त्याच्या चार-पाच पट वाळलेल्या वेफरमध्ये होतं. मी ३ लिटरला दोन सपाट चहाचे चमचे सैंधव घालते, बस. पहिल्या वर्षी मी भाजीच्या अंदाजाने मीठ घातलं आणि ते वेफर्स कोणालाच खाता येईनात. शेवटी तळून, चुरून बिनमिठाच्या पोह्यांच्या चिवड्यात घातले, तेव्हा कुठे संपले. तुमचं तसं झालं तर हाच उपाय.

आता पाण्यात चव. मला सगळ्यात आवडतो तो हिरवी मिरची-जिऱ्याचा प्रकार: ६-७ तिखट मिरच्या, दोन चमचे जिरं, थोडं पाणी घालून मिक्सरमधून अगदी बारीक वाटायचं आणि गाळून फक्त ते पाणी पातेल्यात घालायचं. गाळणं महत्त्वाचं, चोथा कापांवर चिकटला की तळताना जळतो. तिखटपणा आतपर्यंत मुरतो, वरून काही लावायची गरज उरत नाही आणि उपासालाही चालतात.

दुसरा प्रकार बिटाचा. एक मोठं बीट किसून पाण्यात उकळून गाळलं की काप मस्त गुलाबी होतात, वाळल्यावर तर गडद राणी रंग येतो, फोटो काढावेत असा. पण बिटाचा रंग उष्णता सहन करत नाही, तळल्यावर तो उतरून फिका, थोडा विटकरी होतो. लिंबाने थोडा टिकतो. पाहुण्यांना गुलाबी वेफर्स देते असं आधी सांगून बसू नका एवढंच. हळद घातलेलं पाणी रंग छान देतं आणि तळल्यावरही पिवळा राहतो, फक्त ते उपासाचे राहत नाहीत. पालक मी केला, हिरवा रंग मळकट झाला आणि चव काहीच आली नाही, तर तो सोडून द्या.

काप एकदम सगळे टाकायचे नाहीत, चार-पाच मुठी टाकल्या की पाणी थंडावतं, पुन्हा उकळी आली की तिथून ३ ते ५ मिनिटं. घड्याळापेक्षा काप बघा. कडा आरपार दिसायला लागल्या, काप दोन बोटांत धरून वाकवला तर मोडला नाही, वाकला, आणि नखाने दाबलं तर खूण उठली, की लगेच काढा. नख आरपार गेलं तर जास्त शिजलं, वाकवताना कट्कन मोडलं तर कमी. कमी शिजलेला वेफर वाळताना काळपट पडतो आणि तळला तरी चिवट राहतो, म्हणून शंका असेल तर अर्धा मिनिट जास्तच द्या. झाऱ्याने काढून चाळणीत निथळू द्यायचे, दुसऱ्या घाण्याला तेच पाणी, थोडं मीठ वाढवून.

वाळवण, गच्ची नसली तरी

गच्ची असेल तर सोपं आहे: जुनी धुतलेली सुती साडी किंवा चादर, एकेक काप सुटा पसरायचा, एकावर एक चढू द्यायचा नाही, दुपारी एकदा उलटायचा. दोन-तीन कडक उन्हं लागतात. संध्याकाळी आत आणायचे, दवात ठेवायचे नाहीत. प्लास्टिकवर थेट ओले काप घालू नका, खाली पाणी साचतं, तासभर कापडावर जाऊ द्या आणि मग प्लास्टिकवर टाका, तिथून ते सहज सुटतात. वर पातळ ओढणी किंवा मच्छरदाणीचं कापड, कबुतरांसाठी. छापील वर्तमानपत्र खाली नको, शाई लागते.

फ्लॅटवाल्यांसाठी मी हे करते. कपडे वाळवायचा फोल्डिंग स्टँड आडवा उघडायचा, त्यावर साडी ताणून क्लिपांनी लावायची. खालून-वरून दोन्हीकडून हवा लागते आणि जागा तेवढ्याच बाल्कनीत. ऊन फक्त तीन-चार तास येतं, मग स्टँड तसाच उचलून आत पंख्याखाली. मला चार दिवस लागतात. पहिला दिवस मात्र जपायचा, तेव्हा काप ओले असतात आणि दमट हवेत बुरशी येऊ शकते, पहिल्या रात्री पंखा पूर्ण स्पीडवर ठेवाच.

परदेशात असाल किंवा ढगाळ हवा असेल तर ओव्हन ६०-७० डिग्रीवर, दार बोटभर उघडं ठेवून, ५ ते ७ तास, मधे एकदा उलटून. डिहायड्रेटर असेल तर उत्तमच. वेफर्स तळून तसेच फुलतात, आत्याला मी दोन्ही खायला दिले तेव्हा तिने उन्हातले कुठले ते ओळखले, मला मात्र अजून ओळखता येत नाहीत.

वाळले की नाही हे कसं कळणार? मुठीत घेऊन हलवले तर खुळखुळ वाजले पाहिजेत आणि मोडला तर कट्कन तुकडा पडला पाहिजे. जरा जरी वाकला तरी अजून एक ऊन. डबा स्टीलचा किंवा काचेचा, पूर्ण गार झाल्यावरच भरा. आणि पंधरा दिवसांनी डबा उघडून पुन्हा एकदा दोन तास ऊन दाखवा, आत्याचं हे एक पाऊल मी एकदा गाळलं आणि ऑगस्टमध्ये डब्यात ओलसर वास आला.

तळणं

तेल चांगलं तापलेलं पण धूर न येणारं. उपासाला शेंगदाणा तेल. एक तुकडा टाकून बघा, टाकल्याबरोबर वर येऊन फुलला तर तेल तयार. तळाशी बसून राहिला तर थांबा, गार तेलात वेफर फुलत नाही, तेल पितो. घाणा छोटा ठेवा, ५ ते ८ सेकंद, पांढरे असतानाच काढा. लालसर होईपर्यंत वाट बघू नका, चवीसाठी तर नाहीच, शिवाय २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की बटाट्यासारखे पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त.

एअर फ्रायरबद्दल सगळे विचारतात. होतात, पण फुलत नाहीत तितके, थोडे कडक लागतात. वेफर्सना हाताने तेल चोळा, २ मोठे चमचे १०० ग्रॅमला, १८० डिग्री, दोन-तीन मिनिटं, आणि वर स्टीलची जाळी ठेवा कारण हे वेफर्स इतके हलके असतात की वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. मायक्रोवेव्हमध्ये तेल लावून मिनिटभर ठेवले तर मला ते एअर फ्रायरपेक्षा बरे वाटतात. पण सणाच्या दिवशी मी कढईच चढवते.

तळल्यानंतरचं अर्धं मिनिट: बदलाची दुसरी जागा

कोणी म्हणेल, परंपरेच्या पदार्थाला पेरीपेरी कशाला? मला हे मनापासून सांगावंसं वाटतं की बटाटा हा शब्दसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलाय. उपासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं, समुद्रावरून आलेलं. कोण्या आजी-पणजीने ते नवं असताना घेतलं आणि आपलं केलं. तेव्हा घाबरू नका, फक्त मसाला नीट करा.

मसाला पिठासारखा बारीक आणि पूर्ण कोरडा हवा, नाहीतर चिकटत नाही. वेफर्स झाऱ्यातून थेट मोठ्या पातेल्यात, लगेच मसाला, झाकण ठेवून दोनदा हलकं हलवा. अंगावर तेल ओलं असतं तोवरच तो बसतो, गार झाल्यावर टाकलात तर सगळा तळाशी. १०० ग्रॅम वाळलेल्या वेफर्सना साधारण दीड चहाचा चमचा मसाला, आणि मसाल्यात मीठ घालताना वेफर्समध्ये आधीच आहे हे विसरू नका.

उपासाचा माझा: दोन चमचे भाजलेलं जिरं, एक चमचा मिरी, एक चमचा पिठीसाखर, पाव चमचा लिंबूसत्त्व, चिमूटभर सैंधव, सगळं एकत्र मिक्सरमधून बारीक आणि चाळून. ओलं लिंबू पिळलंत तर वेफर्स मिनिटात मऊ पडतील. काही घरांत उपासाला काय चालतं, काय नाही हे वेगळं असतं, ते तुमच्या घरच्यांना विचारून ठरवा.

पोरांचं पेरीपेरी: दोन चमचे काश्मिरी मिरची पावडर, एक चमचा लसूण पावडर, एक चमचा आमचूर, अर्धा चमचा ओरेगॅनो हाताने चुरून, एक चमचा पिठीसाखर, मीठ अगदी थोडं. हे पाकिटातल्यापेक्षा चांगलं लागतं, कारण आमचूर खरा असतो. कढीपत्ता-लसूणही करते मी, दोन वाट्या कढीपत्ता धुऊन, पुसून, कढईत मंद आचेवर चुरचुरीत करायचा आणि लसूण पावडर, तिखटासोबत फिरवायचा, ओला लसूण इथे नको.

आणि मेतकूट. हे करून बघाच. गरम वेफर्सवर अर्धा चमचा पातळ केलेलं साजूक तूप शिंपडायचं आणि वर दोन चमचे मेतकूट, चिमूटभर तिखट. गुरगुट्या भाताची आठवण येते, फक्त कुरकुरीत. हे मी गेल्या वर्षी आत्याला न सांगता तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने एक खाल्ला, बोट चाटलं, दुसरा घेतला आणि म्हणाली, "मेतकूट घरचं आहे का विकतचं?" घरचं म्हटल्यावर वाटी जवळ ओढून घेतली.

मसाला लावलेले वेफर्स दोन-तीन दिवसांत संपवा, जास्त ठेवायचे नाहीत. साधे वाळलेले मात्र वर्षभर राहतात, म्हणून पाण्यातली चव घातलेल्यांचा डबा वेगळा, साध्यांचा वेगळा, आणि दोन्हींवर चिठ्ठी लावा: कधी केले, ३ लिटरला किती मीठ, मिरच्या किती. माझ्या डब्यावरची गेल्या वर्षीची चिठ्ठी म्हणते "मिरच्या ७, अजून दोन चालतील", तर या मार्चमध्ये नऊ.